स्टेल्थ विमान दिसतं, पण उशिरा

वाळूज एमआयडीसीत सेकंड शिफ्ट सुटली की गेटसमोरच्या टपरीवर जगातल्या सगळ्या युद्धांचा निकाल लागतो. सध्या दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, रशियाच्या एस-४०० या विमानं पाडणाऱ्या क्षेपणास्त्र यंत्रणेपुढं अमेरिकेचं एफ-३५ हे स्टेल्थ, म्हणजे रडारला चुकवणारं, लढाऊ विमान टिकूच शकत नाही. दुसरी म्हणते, एफ-३५ रडारला दिसतच नाही. दोन्हीकडचे पुरावे व्हॉट्सॲपवरचे. तिथं कुणी बोलू देत नाही, म्हणून इथं लिहितोय.

स्टेल्थ विमान अदृश्य नसतं. रडारची लाट त्याच्या तिरप्या अंगावरून भलतीकडं जाते, थोडी अंगावरच्या खास लेपात जिरते, आणि रडारकडं परत फारच कमी येते. आता गणित बघा. विमानाचं रडारवरचं 'अंग', म्हणजे रडारला ते जेवढं मोठं भासतं ते, दहा हजार पटीनं घटवलं, तर ते दिसायचं अंतर दहाच पटीनं घटतं. म्हणजे ४०० किलोमीटरवरून दिसणारं विमान ४० वरून दिसेल. "एवढंच ना?" असं म्हणू नका. ताशी ९०० च्या वेगानं ४० किलोमीटर कापायला पावणेतीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तेवढ्यात ओळखायचं, वरून परवानगी घ्यायची, क्षेपणास्त्र सोडायचं. तोवर समोरच्यानं लांबूनच बॉम्ब सोडून विमान वळवलेलं असतं.

पण हा हिशोब क्षेपणास्त्राला वाट दाखवणाऱ्या रडारचा, ज्याची लाट जेमतेम काही सेंटिमीटरची असते. जुन्या धाटणीच्या रडारची लाट मीटर-दोन मीटरची. तिच्यापुढं ही कोनांची करामत बरीच फिकी पडते. अडचण एवढीच की ते रडार "हिकडं कुठंतरी आहे" एवढंच सांगतं. नेम धरायला दुसरं लागतं.

हे दोन्ही जुळवून दाखवलं सर्बियातल्या क्षेपणास्त्र तुकडीचे अधिकारी झोल्तान दानी यांनी. २७ मार्च १९९९ ला त्यांच्या तुकडीनं अमेरिकेचं एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडलं, तेही एस-१२५ क्षेपणास्त्रानं. आपल्या हवाई दलात 'पेचोरा' म्हणून वर्षानुवर्षं असलेली हीच ती साठच्या दशकातली यंत्रणा. शिस्त अशी की नेम धरणारं रडार एका वेळी वीसेक सेकंदांच्या वर चालू ठेवायचं नाही, आणि तळ सारखा हलवत राहायचं. अमेरिकन विमानं मात्र रोज त्याच वाटेनं यायची. त्या रात्री रडार जॅम करणारी विमानंही सोबत नव्हती. (पुढं दानी बेकरी चालवायला लागले आणि पाडलेल्या विमानाच्या पायलटशी त्यांची दोस्ती झाली. असो.)

टूलरूमवाल्यांसाठी अजून एक किस्सा. एफ-११७ च्या आधीच्या प्रायोगिक विमानाच्या एका चाचणीत ते अचानक रडारवर ठळक दिसायला लागलं. कारण? तीन स्क्रू पूर्ण आवळले नव्हते. डोकी पाव सेंटिमीटर-तीन मिलिमीटर वर राहिली असतील. आपल्याकडं असला जॉब "चलता है" म्हणून पास होतो.

मग इराणचं काय? जून २०२५ मध्ये अमेरिकेची सात बी-२ स्टेल्थ बॉम्बर विमानं इराणमध्ये आत जाऊन बॉम्ब टाकून आली, हे खरं. पण त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्येच इस्रायलनं इराणच्या एस-३०० या रशियन क्षेपणास्त्र यंत्रणेवर घाव घातला होता, जूनमध्ये उरलंसुरलं हवाई संरक्षण मोडलं होतं. त्या रात्री सव्वाशेच्या वर विमानं मोहिमेत होती, काही बी-२ तर नुसती हूल द्यायला उलट्या दिशेनं पाठवली होती. सगळं श्रेय लेपाला देता येत नाही.

आणि जून २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमला उतरलेलं ते ब्रिटनचं एफ-३५बी "आपल्या रडारनं पकडलं" म्हणून नाचू नका राव. ते स्वतःच उतरायची परवानगी मागत होतं. शिवाय शांततेच्या काळात ही विमानं बऱ्याचदा मुद्दाम परावर्तक लावून उडतात, म्हणजे नागरी रडारला दिसावीत.

माझं मत विचाराल तर विमान मोठं की क्षेपणास्त्र, हा वादच फोल आहे. मीटर लाटेची रडारं, उष्णता टिपणारे सेन्सर आणि नेम धरणारी रडारं एकाच जाळ्यात बांधली, तर चोरपावलांनी येणाऱ्याला फार आत येता येत नाही. म्हणून घाईघाईत परदेशी स्टेल्थ विमानं घेण्यापेक्षा आधी या जाळ्यावर पैसा घाला. एएमसीए या आपल्या देशी स्टेल्थ विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये सुमारे १५,००० कोटी मंजूर झालेत, ते विमान आपल्या वेळेनं येईल. त्याच्या पॅनलचं काम शेंद्रा-वाळूजला मिळावं असं मनापासून वाटतं. पण मग स्क्रू नीट आवळणारी पोरं आणि ते तपासणारा क्वालिटीवाला, दोघंही आत्तापासून तयार करायला लागतील.