फवारणीचा मास्क धुऊन वर्षभर वापरा? खुलासा

कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत गावागावांत एक मेसेज फिरतो आहे: 'एन-९५ मास्क घ्या, साबणाने धुवा, अख्खा हंगाम चालवा.' हे चूक आहे.

एन-९५ बारीक कण अडवतो, कीटकनाशकाची वाफ अडवत नाही. धुतला की त्याच्या कापडातला विद्युतभार जातो, मग कणही नीट अडत नाहीत. तोंडाला बांधलेला दुपट्टा तर ओला झाला की औषध नाकाशीच धरून ठेवतो. औषधाच्या लेबलवर रेस्पिरेटर (हवा गाळणारा मुखवटा) सांगितला असेल तर 'ऑरगॅनिक व्हेपर' कार्ट्रिज (औषधाची वाफ शोषणारी डबी) आणि त्यावर कणांचे फिल्टर असलेला रबरी अर्धमुखवटा (नाक-तोंड झाकणारा) घ्यावा.

वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, खालचा मानेवर. दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाकून हळू श्वास आत ओढा. मुखवटा किंचित आत दबून १० सेकंद तसाच राहिला, तर बसला. हवा शिरली तर पट्टे सारखे करा. दाढीचे खुंट असतील तर कितीही आवळा, फट राहतेच.

धुवायचा तो फक्त मुखवटा, कार्ट्रिज काढून, कोमट साबणपाण्याने, सावलीत वाळवा. श्वास सोडायच्या झडपेची पातळ रबरी चकती वाकली किंवा चिकटली असेल तर बदला, गळती तिथूनही होते. कार्ट्रिज उघडी ठेवली तर खुंटीवर टांगल्या टांगल्याही खर्च होते, म्हणून हवाबंद पिशवीत, औषधाच्या डब्यांपासून दूर. मुखवट्यात औषधाचा वास आला की लगेच शेताबाहेर या. सगळ्याच औषधांना वास नसतो, त्यामुळे कार्ट्रिज बदलण्याची उत्पादकाने दिलेली मुदत पाळा.

मास्क कितीही चांगला असो, कातडीतून शिरणारं विष तो थांबवत नाही. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.