गंगावेशीतला वाद: मोठा पडदा कुणासाठी?

"'एफ वन' सिनेमा बघायला मी पुण्याला गेलतो, भावा. आयमॅक्सच्या भल्या मोठ्या पडद्यावर. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर, आणि एक रुपया वाया गेला असं वाटलं न्हाई," पिंट्या म्हणाला आणि वाद तिथंच पेटला.

जुलै २०२५ चा शेवटचा रविवार. पाऊस जरा उघडला की कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गर्दी होतेच. समोर म्हैस पिळतात, ग्लास फेसासकट हातात येतो आणि घाईतला माणूस इथं फिरकत नाही. शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवणारा पिंट्या, नुकताच कॉलेजला गेलेला त्याचा भाचा सोन्या, रात्रशाळेत शिकवणारी शुभाताई, अण्णा आणि मी. अण्णांनी तरुणपणी टॉकीजच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या बदलत रिळं चालवली आहेत. विषय एकच होता. एप्रिलपासून इतके मोठमोठे सिनेमे येऊन गेले, त्यातला खरा दमदार कुठला?

पिंट्याचं उत्तर तयार होतं. "त्यातल्या गाड्या खऱ्या हाईत. फॉर्म्युला टूच्या, म्हंजे एफ वनच्या खालच्या गटातल्या शर्यतीच्या गाड्या घेतल्या, मर्सिडीजच्या मदतीनं त्यास्नी एफ वनचं रूप दिलं. ब्रॅड पिट आणि डॅमसन इद्रिस स्वतः चालवालेत. इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर खऱ्या शर्यतीच्या आठवड्यात, खऱ्या गर्दीसमोर शूटिंग केलंय. गाडीवर कॅमेरा बसवून, गाडी पळत असताना तो लांबनं फिरवलाय. तेवढ्या कंपनात चित्र हलत न्हाई म्हणजे काय काम असंल, ते मशीन शॉपवाल्याला विचार."

"आणि गोष्ट?" शुभाताईनं विचारलं. "उतरत्या वयाचा खेळाडू परत येतो, तरण्या पोराशी आधी खटके उडतात, मग दोघं एक होतात. पुढं काय होणार ते मध्यंतराआधीच कळतं."

"ताई, खासबागेत कुस्ती बघायला गेल्यावर आपण फक्त कोण जिंकतंय तेवढंच बघतो काय? डाव बघतो न्हवं?"

मला हे उत्तर पटलं. दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्कीला गोष्ट नवी सांगायची नाहीच. त्याला काम दाखवायचंय. चाक बदलणारी माणसं, आकड्यांकडं डोळे लावून बसलेले इंजिनिअर, एका सेकंदाच्या तुकड्यासाठी चाललेली मरमर. कामाबद्दल एवढा आदर असलेला सिनेमा साचेबद्ध असला तरी पोकळ वाटत नाही.

अण्णांना मात्र कॅमेऱ्याचं ऐकून राहवेना. "कॅमेरा घडवायचं कौतुक कोल्हापुरास्नी सांगू नका. आनंदराव आणि बाबूराव, दोघं मेस्त्री, नात्यानं भाऊ. त्यास्नी कॅमेरा करायचा ध्यास लागलेला. आनंदराव मधेच गेले, बाबूरावांनी, म्हंजे आपल्या बाबूराव पेंटरांनी, काम पुरं केलं. ह्याच गावात. १९२० ला 'सैरंध्री' काढला तर त्यातला कीचकवध एवढा खरा वाटला, की सेन्सॉरनं कात्री लावली."

"आणि एकशेपाच वर्षांनी सुपरमॅनचं चुंबन कापलं," सोन्या उसळला. "तेहतीस सेकंद! आणि मारामारी सगळी ठेवली."

कापाकापीवर सगळ्यांचं एकमत होतं, पण 'सुपरमॅन'वर नाही. सोन्याचं म्हणणं असं, की दिग्दर्शक जेम्स गननं जन्मकथेचं दळण पुन्हा दळलं नाही आणि नायकाला साधा, चांगला माणूस होऊ दिलं. "शहरात एवढा मोठा राक्षस घुसलाय आणि हा एक खार वाचवालाय. मला तेवढ्यासाठी आवडला." मलाही तो क्षण आवडला. पण पुढं ते 'पॉकेट युनिव्हर्स', म्हणजे वेगळंच छोटं विश्व, उघडतं आणि अर्धा तास नुसता रंगांचा गलका होतो. तिथं कुणाचा जीव धोक्यात आहे हेही विसरायला होतं. पडदा जेवढा भरला, तेवढी माझी काळजी कमी झाली. सोन्याला हे मान्य नाही. पुढच्या रविवारीही नसेल.

टॉम क्रूझच्या शेवटच्या 'मिशन: इम्पॉसिबल'बद्दल अण्णा सर्वांत कडक आणि सर्वांत हळवे, दोन्ही होते. हा सिनेमा आपल्याकडं १७ मे रोजी लागला, अमेरिकेत २३ ला. "पावणेतीन तास, आणि पहिला तास मागच्या सिनेमांची उजळणी. माझ्या केबिनीत असता तर मी ते रीळच लावलं नसतं," ते म्हणाले. "पण ती बुडालेली पाणबुडी! आत पाणी, पाणबुडी गडगडत चाललीय आणि जवळजवळ एक शब्द नाही. मूकपटाची ताकद आहे ती. मग ते विमान. बासष्टीचा माणूस पंखाला लोंबकळतोय, वाऱ्यानं तोंडाचं कातडं मागं चाललंय. एवढं कोण करतं आता?" अण्णांच्या वयाच्या माणसानं हे सांगताना मूठ आवळली होती. मी त्यावर वाद घातला नाही.

मग शुभाताईनं तिचा सिनेमा काढला, एप्रिलमध्ये आलेला दिग्दर्शक रायन कूगलरचा 'सिनर्स'. आमच्यात तो फक्त तिनं आणि मी बघितला होता. १९३२ चं मिसिसिपी, क्लार्क्सडेल गाव. शिकागोहून परतलेले दोन जुळे भाऊ कृष्णवर्णीयांसाठी गाण्या-नाचाचा अड्डा उघडतात आणि त्याच रात्री रक्तपिपासू दारात उभे राहतात. दोन्ही भाऊ मायकल बी. जॉर्डनच. मोठ्या आयमॅक्स फिल्मवर चित्रित केलेला हा सिनेमा. तो कॅमेरा हाताळणारी ऑटम ड्युराल्ड अर्कापॉ ही त्या फिल्मवर पूर्ण लांबीचा सिनेमा चित्रित करणारी पहिली स्त्री. आधीच्या सिनेमाचा पुढचा भाग नाही, कुठल्या कॉमिकची नक्कल नाही, नवी कोरी गोष्ट.

"एक पोरगा अड्ड्यात ब्लूज गायला लागतो," ताई सांगत होती, "आणि त्या गाण्यानं त्याचे पूर्वज आणि अजून जन्माला न आलेली नातवंडं सगळी त्या खोलीत नाचायला उतरतात. आफ्रिकेतला ढोलवाला, इलेक्ट्रिक गिटारवाला, आजची पोरं. मला आपला जागर-गोंधळ आठवला. 'गोंधळा ये' म्हणून एकेका देवाला हाक घालतात ना, तसं अंगावर आलं."

"पण ताई, भुताचा सिनेमा म्हणजे..." पिंट्यानं तोंड वाकडं केलं.

"भूत कशाला आलंय ते बघ की. त्यांना त्या पोराचं गाणं हवंय. माणसं नकोत, माणसांचं गाणं हवं. हे आपल्याकडं झालं नाही का? लावणी हवी, लावणी करणारी नको."

यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही, आणि मग मी त्यांना त्या गावाचं सांगितलं. ज्या क्लार्क्सडेलची ही गोष्ट, त्या गावात सिनेमागृहच नाही. जगभर सिनेमा गाजत होता आणि गावच्या लोकांना तो बघायला लांब जावं लागत होतं. त्यांनी कूगलरला उघडं पत्र लिहिलं, सह्या गोळा केल्या. मेच्या अखेरीला गावच्या सभागृहात पडदा लावून सिनेमा दाखवला गेला आणि कूगलर स्वतः तिथं गेला. ही बातमी वाचल्यापासून मला आपले तालुके आठवतात. जिथं टॉकीज होतं तिथं आता मंगल कार्यालय आहे, नाहीतर नुसतं चौकाचं नाव. आपल्याच शहरात व्हीनस कॉर्नर म्हणताना कुणाच्या डोळ्यांसमोर टॉकीज येतं?

"म्हणून मी सांगालोय," पिंट्यानं सूत्र पकडलं. "मोठा पडदा ह्या असल्या सिनेमांसाठीच ठेवावा. विमान, गाड्या, पाणबुडी. मराठी सिनेमा चांगला असतोय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण दोन खोल्यांतली गोष्ट बघायला तीनशे रुपये कशाला घालायचे? घरात मोबाइलवर येतोच की."

इथं मला राग आला. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि ते म्हणणारी माणसं मराठी सिनेमावर प्रेम करणारीच असतात. मी म्हटलं, पिंट्या, 'सैराट'मध्ये कुठलं विमान होतं? २९ एप्रिल २०१६ ला लागला, मध्यरात्री आणि पहाटे खेळ लावावे लागले. अजय-अतुलनी त्याची सिंफनी अमेरिकेत सोनीच्या स्टुडिओत जाऊन केली, ती मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकायला? 'बाईपण भारी देवा' जून २०२३ च्या शेवटी आला. सहा बहिणींची घरगुती गोष्ट. बायका नटूनथटून, गॉगल लावून, घोळक्यानं गेल्या. त्या पडदा बघायला गेल्या होत्या, की एकत्र बसायला?

"आणि मामा, हिंदीतला आत्ताचा 'सैयारा'?" सोन्या अनपेक्षितपणे माझ्या बाजूनं आला. "दोघं नवीन. एक पण मोठा स्टार न्हाई, एक स्फोट न्हाई. पोरं थेटरात जाऊन ढसाढसा रडालीत. घरात आईसमोर रडता येतंय व्हय?"

ह्या एका प्रश्नानं माझ्या दहा वाक्यांचं काम केलं.

शुभाताईनं मग मे महिन्यातलं सांगितलं. महाराष्ट्रदिनी, १ मेला, शिवराज वायचळचा 'आता थांबायचं नाय!' लागला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत बसून दहावी होतात, खरी घडलेली गोष्ट. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, आशुतोष गोवारीकर. ताई आपल्या रात्रशाळेतल्या बायका-पुरुषांना घेऊन गेली. "वर्गात माझ्यासमोर तोंड न उघडणाऱ्या एक मावशी आहेत. परीक्षेचा प्रसंग आला तर त्या पडद्यावरच्या माणसाला मोठ्यानं सांगायला लागल्या, 'आरं लिही की, येतंय तुला!' मागची अनोळखी माणसं हसली, मग टाळ्या वाजवल्या. पिंट्या, हे तुझ्या मोबाइलवर कसं होणार?"

पिंट्या गप्प. त्यानं तो सिनेमा घरात बघितला होता. आवडला होता, पण मधे दोनदा फोन आला आणि शेवट जेवता जेवता झाला, हे त्यानं खरं सांगितलं.

"आता धंद्याचं ऐका," अण्णा म्हणाले. "हिंदी सिनेमाचं मल्टिप्लेक्सशी ठरलेलं गणित असतं. पहिल्या आठवड्यात वितरकाला निम्मे पैसे. दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्या आठवड्यात साडेसदतीस, पुढं तीस. म्हणजे तुमचं पहिल्या आठवड्याचं तिकीट निर्मात्याला सगळ्यात जास्त देतं. आणि सोमवारी कुठला खेळ ठेवायचा, कुठला काढायचा, हे शनिवार-रविवारच्या गर्दीवर ठरतं. तुम्ही 'चांगला आहे म्हणे, पुढच्या आठवड्यात बघू' म्हणता, तोवर तो सकाळी दहाच्या खेळाला गेलेला असतो. अमेरिकेत हे पहिल्या आठवड्याचं वेड १९७५ च्या 'जॉज'नं लावलं. चारशेवर थेटरांत एकदम लावला आणि टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला. ते एवढी ताकद लावून पहिला आठवडा मारतात. आपला निर्माता ती ताकद कुठनं आणणार?"

१ मेचंच बघा. त्याच दिवशी मराठीतलाच 'गुलकंद', हिंदीतला 'रेड २', हॉलिवूडचा 'थंडरबोल्ट्स'. सगळे एकाच दिवशी, एकाच पडद्यांसाठी. आणि १८ जुलैला 'सैयारा'सोबत संजय जाधवांचा 'येरे येरे पैसा ३' आला, तर त्याचे खेळ कमी करून 'सैयारा'ला दिले अशी तक्रार जाहीरपणे झाली. १९७१ ला दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर मिळावं म्हणून शिवसैनिकांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं. २०१५ ला सरकारनं मराठीसाठी प्राइम टाइमचा नियम केला. सुरुवातीला संध्याकाळी ६ ते ९ ची भाषा होती, ती दुपारी १२ ते रात्री ९ अशी पसरली. दुपारी बाराला कोण मोकळा असतो?

"हेच!" पिंट्याला आता जोर आला. "मी सात वाजता शॉप बंद करतो. मागच्या महिन्यात बायकोला म्हटलं चल, मराठी बघू, तर एकच खेळ, सकाळी पावणेअकराचा. सगळा दोष माझ्यावर टाकालाय, पण मला संध्याकाळचा खेळ द्या की!"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. सकाळच्या खेळाला माणसं येत नाहीत, म्हणून मराठीला गर्दी नाही असं ठरतं, आणि गर्दी नाही म्हणून पुन्हा सकाळचाच खेळ मिळतो. ह्यात प्रेक्षक आळशी आहे एवढंच म्हणून भागत नाही.

"मग मागून घ्यायचा," अण्णा म्हणाले. "आम्ही टॉकीजला असताना गावची चार माणसं येऊन मालकाला सांगायची, आमच्या बायका बघायच्यात, गुरुवारी दुपारचा एक खेळ लावा, एवढी तिकिटं आमची. मालक लावायचा. ते क्लार्क्सडेलवाले पत्र लिहितात आणि आपल्याला काय होतंय?"

"माझ्या शॉपमधली बारा पोरं लिहा," पिंट्यानं लगेच सांगितलं.

"माझ्या वर्गाची तीस," शुभाताई म्हणाली. "पण रविवारच पाहिजे. बाकीचे दिवस कामावर असतात सगळे."

"रविवारी मला गावाकडं जायला लागतंय, शनिवार धरा."

"तुला गाडी आहे, त्यांना सुट्टी नाही. रविवार."

सोन्यानं मोबाइल काढून नावं लिहायला घेतली, आणि शनिवार की रविवार यावर वाद नव्यानं सुरू झाला.