साडेपाच मीटरचा आराम

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटलं. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोलचं इंजिन 1200 सीसीपर्यंत असेल तर गाडीवर 18 टक्के कर, त्याच्या वर गेलात की 40 टक्के. चिंचवडच्या माझ्या मावसभावाला गाडी घ्यायचीच होती. त्याला हवी एसयूव्ही, उंच, समोरच्याने आपणहून बाजूला व्हावं अशी. काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, हवी सेडान. "डिकी वेगळी नसेल तर टेम्पो काय वाईट?" हे त्यांचं मत. मग रोड प्रेझेन्स, पत्रा, अ‍ॅव्हरेज, रिसेल असं सगळं निघालं, आणि शेवटी भावाने हुकमी पत्ता टाकला: "अमेरिकेतसुद्धा आता सेडान कोणी घेत नाही. ताईला विचारा."

ताई म्हणजे मी. डेट्रॉइटच्या बाजूला नोव्हाय गावात राहते, गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते, त्यामुळे गाडीचा विषय निघाला की साक्षीला मलाच उभं केलं जातं. ग्रुपवर अंगठ्याने एवढं टाइप करणं काही जमायचं नाही, म्हणून इथे सविस्तर.

भावाची माहिती खरी आहे. 2018 मध्ये फोर्डने जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत मस्टँग सोडून बाकीच्या कार बंद करणार. 2020 मध्ये लिंकन कॉन्टिनेंटल गेली, कॅडिलॅकची सीटी6 इथल्या बाजारातून गेली, शेवरलेची इंपाला गेली. हो, तीच, जिच्या नावाशिवाय जुन्या हिंदी सिनेमातला शेठ श्रीमंत ठरत नसे. 2023 च्या डिसेंबरमध्ये क्रायस्लर 300 चंही उत्पादन थांबलं. लांबलचक, मऊ, पुढे आठ सिलिंडरचं व्ही8 इंजिन आणि मागे खोलीएवढी डिकी असलेल्या अमेरिकन गाडीची खरी परंपरा मात्र त्याआधीच, 2011 मध्ये, लिंकन टाउन कारबरोबर संपली होती. त्यामुळे "कोणी घेत नाही" यात थोडी गफलत आहे: घ्यायला ठेवलीच नाही. ती का ठेवली नाही, यावर भावाचं आणि माझं जमत नाही.

आमच्या दारात एक टाउन कार आहे, 2006 ची. नवऱ्याने एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून घेतली, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही. ती बनली आमच्या शेजारच्याच विक्समच्या कारखान्यात. तिथे 1957 पासून लिंकन बनत होत्या, 2007 मध्ये तो बंद झाला आणि पुढे पाडूनही टाकला. शेवटची काही वर्षं टाउन कार कॅनडात बनली.

लांबी सुमारे 5.47 मीटर, रुंदी जवळजवळ दोन मीटर, वजन दोन टनांच्या आसपास. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, जुन्या फियाटसारखा, पण ऑटोमॅटिक. त्यामुळे पुढच्या दोन सीटच्या मधे काहीच अडत नाही. मधला आर्मरेस्ट वर केला की पुढे तिघं बसतात. धंद्याची सवय म्हणून मी आधी सीट दाबून पाहिली. आज आम्ही ज्या सीट बनवतो त्या मांड्यांना आणि कमरेला धरून ठेवतात, वळणावर माणूस सरकू नये म्हणून. टाउन कारची सीट धरत बिरत नाही. रुंद, सपाट, सोफ्याच्या वळणाची. वळणावर तुम्ही सरकता आणि तिला त्याचं काही वाटत नाही, कारण ती वळणासाठी बनलेलीच नाही.

बाबांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या आहेत. ते आले तेव्हा मित्राच्या मोठ्या एसयूव्हीत चढताना वरचं हँडल धरून, एक पाय फूटबोर्डवर टाकून, "थांब गं जरा" म्हणत चढायचे. टाउन कारमध्ये दार उघडलं, पाठमोरे बसले, पाय आत घेतले, झालं. आई मागे बसून शिकागोपर्यंत साडेचारशेएक किलोमीटर झोपली आणि उठल्यावर म्हणाली, "झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं गं." त्या दोघांच्या भारताला परत न्यायच्या मोठ्या बॅगा उभ्या-आडव्या कशाही टाकल्या तरी डिकीत गेल्या. काका, तुमचा डिकीचा मुद्दा मान्य.

हा आराम येतो कुठून? चॅसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी, बॉडी तिच्यावर रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेली. रस्त्याची थरथर आधी चॅसिस खाते, मग रबर, मग मागचं हवेचं सस्पेन्शन, आणि उरलंसुरलं सीटचा फोम. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी मधे बसलेल्याला ते लांब कुठेतरी घडल्यासारखं वाटतं. भावाला गंमत वाटेल, पण ही वेगळ्या चॅसिसची पद्धत म्हणजेच त्याच्या लाडक्या स्कॉर्पिओची आणि फॉर्च्युनरची पद्धत. फरक एवढाच की इथे ती बसणाऱ्याला हलकं वाटावं म्हणून वापरली, तिथे दगडधोंड्यांतून जाता यावं म्हणून.

आणि या गाड्यांची टिंगल करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आज दहा लाखांच्या गाडीत आपण जे गृहीत धरतो, त्यातलं बरंच काही आधी या भल्यामोठ्या अमेरिकन गाड्यांत आलं. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओल्ड्समोबिलने 1940 च्या मॉडेलमध्ये दिला आणि लगेच पुढच्या वर्षी कॅडिलॅकने. कारखान्यातूनच बसवून येणारा एसी पॅकार्डने त्याच सुमाराला दिला. पॉवर स्टिअरिंग 1951 च्या क्रायस्लर इंपीरियलमध्ये आलं. गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारं क्रूझ कंट्रोल 1958 मध्ये, तेही क्रायस्लरच्याच मोठ्या गाड्यांत, आणि ते शोधणारे राल्फ टीटर हे इंजिनिअर लहानपणापासून अंध होते. जाऊ दे, विषय भरकटेल.

आता दुसरी बाजू, आणि ती काही लहान नाही.

अ‍ॅव्हरेज. शहरात लिटरला सातच्या आत, हायवेला दहा. काका हे वाचून ग्रुप सोडतील. इथे पेट्रोल तुलनेने स्वस्त म्हणून चालतं, तेही रोज ऑफिसला नेली नाही तर. बर्फ पडला की मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी ढुंगण हलवायला लागते. जुने मिशिगनकर अशा गाड्यांच्या डिकीत हिवाळाभर वाळूची पोती ठेवतात, मागच्या चाकांवर वजन पडावं म्हणून. एवढं इंधन जाळून दोन टन हलवायचे आणि वर वाळूही वाहायची, यात कुठलं इंजिनिअरिंग, असं मला दर जानेवारीत वाटतं. वय झालं की या जातीच्या गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनच्या हवेच्या पिशव्यांना चिरा पडतात आणि सकाळी गाडी मागून बसलेली दिसते. रस्त्यावर टाकलेलं मीठ चॅसिस खातं ते वेगळंच.

शिवाय ही गाडी सरळ रस्त्याची. 1956 च्या कायद्याने इंटरस्टेट हायवेचं जाळं विणायला घेतलं आणि हा मऊपणा त्या रस्त्यांवर शोभला. वळणाच्या रस्त्यावर ती झुकते, उशिरा सावरते, आणि स्टिअरिंगमधून चाकांचं काय चाललंय त्याचा पत्ता लागत नाही. तरुण गिऱ्हाईक जर्मन गाड्यांकडे गेलं ते उगाच नाही. 1989 मध्ये लेक्सस एलएस 400 आली आणि तिने दाखवून दिलं की एवढी लांबी आणि वेगळी चॅसिस नसतानाही गाडी शांत असू शकते. तिथून पुढे टाउन कार आजोबांची, एअरपोर्टला सोडणाऱ्या ड्रायव्हरची आणि अंत्ययात्रेची गाडी होत गेली. आपल्या अ‍ॅम्बॅसिडरचं फार वेगळं झालं नाही. फक्त आपल्याकडे तिच्यात शेवटपर्यंत लाल दिवा टिकला.

पत्र्याचं मात्र थोडं थांबून सांगते, कारण काकांचं आणि भावाचं फक्त याच एका मुद्द्यावर एकमत आहे. "जुन्या गाड्यांचा पत्रा बघ, टिचकी मारली तर आवाज कसा येतो." दोघांनाही जड म्हणजे सुरक्षित वाटतं. 2009 मध्ये इथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने, आयआयएचएसने, एक टक्कर घडवून आणली: 1959 ची शेवरले बेल एअर आणि 2009 ची शेवरले मालिबू, दोन्ही ताशी 64 किलोमीटरने, समोरासमोर, ड्रायव्हरच्या बाजूला. बेल एअर म्हणजे क्रोमने मढवलेली, जाड पत्र्याची, रस्ता अडवणारी गाडी. तिची केबिन चुरगळली, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग आत घुसलं. माणूस असता तर वाचला नसता. मालिबूत चाचणीसाठी बसवलेल्या पुतळ्याच्या पायाला इजा, बाकी केबिन शाबूत. टिचकीचा आवाज अपघातात कामाला येत नाही. गाडीचं नाक कसं आणि किती चुरगळायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि केबिन मात्र चुरगळू द्यायची नसते. टाउन कार बेल एअरपेक्षा खूपच पुढची, एअरबॅग वगैरे सगळं असलेली. तरी तिचा पाया जुन्या काळातला आहे हे मला ती चालवताना विसरता येत नाही.

मग एवढे दोष असलेली गाडी गेली तर बिघडलं काय? बिघडलं हे की ती गेली आणि दोष राहिले.

1973 च्या अरब तेलबंदीनंतर इथे पेट्रोलसाठी रांगा लागल्या. 1975 मध्ये इथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकन काँग्रेसने, कायदा केला: प्रत्येक कंपनीच्या कारची सरासरी 1985 पर्यंत गॅलनला 27.5 मैलांवर, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास, आली पाहिजे. नाही आली तर दंड. 8.2 लिटरचं इंजिन घालून कॅडिलॅक एल्डोराडो विकणाऱ्या देशासाठी हे मोठं होतं. गाड्या आखूड झाल्या, हलक्या झाल्या, कॅडिलॅकची डी व्हिलसुद्धा पुढच्या चाकांवर चालायला लागली. पण कायद्यात एक खिडकी उघडी राहिली. ट्रकसाठी नियम सैल होते, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचा, गवंड्याचा. पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवरचा वेगळा करही कारला लागू, एसयूव्हीला नाही. कंपन्यांना गणित कळायला वेळ लागला नाही. तेच वजन, तेच व्ही8, तशीच चॅसिस. फक्त बॉडी उंच करा आणि ट्रक म्हणा.

1996 मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टन कारखान्यात सुमारे 5.7 मीटर लांब असलेली कॅडिलॅक फ्लीटवुड बनायची थांबली आणि तो कारखाना मोठ्या एसयूव्हींकडे वळला. 1997 मध्ये लिंकनने स्वतःच नेव्हिगेटर काढली, 1998 मध्ये कॅडिलॅकने एस्कलेड. लोकांना उंच बसायला आवडलं हे खोटं नाही. पण दुकानदाराने एक माल मागच्या खोलीत ठेवला आणि दुसरा दर्शनी मांडला, तर गिऱ्हाईकाच्या आवडीबद्दल बोलताना जरा जपून बोलावं.

आपल्याकडे हेच उलट्या बाजूने झालं. 2006 मध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली. 2008 ची डिझायर 4.16 मीटर होती. 2012 मध्ये तिची शेपटी कापून 3.995 मीटरवर आणली. काका ज्या डिकीसाठी भांडतात ती कापली ती कराच्या फूटपट्टीने, कुणा डिझायनरने नव्हे. आणि त्याच फूटपट्टीत उंचीला काही मर्यादा नाही, म्हणून चार मीटरच्या आत मावणाऱ्या, उभट, छाती पुढे काढलेल्या एसयूव्हींची रांग लागली. भाऊ त्याला स्वतःची आवड म्हणतो. असेलही. पण अमेरिकेचा दाखला त्याने देऊ नये, कारण इथलीही आवड अशीच अर्धी कायद्याने घडवलेली आहे.

मला विचाराल तर जुन्या मोठ्या सेडानचा ऐषाराम मला जास्त सभ्य वाटतो. ती लांब होती पण बुटकी होती. तिच्या नाकापुढून शाळेतलं पोर गेलं तर दिसायचं, मागच्या गाडीला तिच्या काचांमधून पुढचा सिग्नल दिसायचा. तिचा थाट आत बसलेल्यासाठी होता. आजच्या उंच गाडीचा थाट बाहेरच्याला धाक दाखवण्यासाठी असतो, आणि त्यात बसलेल्या म्हाताऱ्याचे गुडघे कुणी विचारत नाही. आपल्याकडची पांढरी फॉर्च्युनर मागून दिवे मारत आली की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

भावाची बाजूही घेते. पुण्याच्या स्पीडब्रेकरवर टाउन कारचं पोट अडकलं असतं आणि क्रेन बोलवावी लागली असती. खड्ड्यांच्या रस्त्यावर जमिनीपासून उंच गाडी हवी ही मागणी मूर्खपणाची नाही. सोसायटीतली पार्किंगची जागा साधारण अडीच बाय पाच मीटर. आमच्या गाडीचं अर्धा मीटर ढुंगण शेजाऱ्याच्या स्कूटरवर गेलं असतं. समृद्धीवर ती शोभली असती, पण रोज नागपूरला कोण जातं? आणि तसल्या सरळ रस्त्यावर इतकी मऊ गाडी ड्रायव्हरलाही झोपवते, हेही खरंच.

म्हणून काका, सेडान घ्या, पण पत्र्यासाठी नको. गुडघ्यांसाठी घ्या, आणि शोरूममध्ये टिचकी मारण्याऐवजी भारत एनकॅपच्या टक्कर चाचणीचे स्टार विचारा. भावाला म्हणावं, एसयूव्ही घ्यायचीच तर एकदा काकांना मागच्या सीटवर तीनदा चढव-उतरव, मग बुकिंग कर. आणि सरकारने आकारावर कर लावायचाच असेल तर लांबी मोजण्याऐवजी वजनकाट्यावर गाडी चढवावी. रस्ता, पेट्रोल आणि समोरून येणारा स्कूटरवाला, तिघांनाही त्रास होतो तो वजनाचा. त्या हिशेबात आमच्या टाउन कारला सगळ्यात जास्त कर बसेल, आणि तो बसायलाच हवा.