पहिला तास जाऊ द्या पुढे

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, नाव दिलं रे रेसला. 60 किलोमीटर, सगळा कच्चा रस्ता. ड्रॉपर पोस्ट घेऊन टाकू का, चालवता चालवता सीट वर-खाली करता येते तो?" मी विचारलं, सायकल चालवता चालवता काय खाणार आहेस? तो गप्पच झाला.

आपल्या इंदूरच्या सायकलवाल्यांत सामानावर तासन् तास बोलणं होतं, पण पहिल्या लांब रेसमध्ये माणूस मोडतो तो सामानामुळे नाही, पहिल्या तासामुळे. मी स्वतः मोडलोय म्हणून इतकं ठासून सांगतोय.

माझ्या पहिल्या रेसला झेंडा पडला आणि सगळे सुटले. पुढे एकच सायकल जाईल एवढी पायवाट होती, तिथं मागे अडकायला नको म्हणून मीही सुटलो. आठ किलोमीटर तोंडानं श्वास घेत हाणली. 38 व्या किलोमीटरला डाव्या मांडीत गोळा आला. सायकल आडवी टाकून सागाखाली बसलो. मागे टाकलेले सगळे एकेक करून पुढे गेले. त्यांतले साठीचे एक काका मात्र थांबले. "बाळा, पाय ताण आधी," म्हणाले आणि मीठ लावलेली लिंबाची फोड हातावर ठेवून गेले. ते पूर्ण वेळ एकाच चालीनं चालवत होते.

गोळे फक्त मीठ कमी पडल्यानं येत नाहीत. सरावात कधी न लावलेला जोर रेसमध्ये लावला की दमलेले स्नायू आखडतात. शिवाय शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा, साठा जेमतेम 400-500 ग्रॅमचा, जोरात चालवलं तर दीड-दोन तासांत तळ दिसतो. पहिल्या चढावर तो उधळला की नंतर कितीही खा, पाय परत येत नाहीत. पायवाटेवर मागे अडकून फार तर चार-पाच मिनिटं जातात, तेवढी जाऊ द्या. चढावर शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर गिअर हलका करा.

हे जमतंय का ते बघायला महूजवळच्या जानापावच्या टेकडीसारखी जागा नाही. मंदिरापर्यंतचा चढ सलग तीनदा करा, वेळ लिहून ठेवा. तिसरी खेप पहिलीएवढ्याच वेळात झाली तर तुमची चाल बरोबर. तिसरीला पाच मिनिटं जास्त लागली तर पहिली खेप जास्त जोरात काढली. मला हे साधायला सात रविवार लागले.

खाण्याचाही सरावच लागतो. ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साधारण एक ते दोन केळी, किंवा लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि लिंबू. भूक लागायची वाट बघायची नाही, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. हादरणाऱ्या हँडलवर एका हातानं केळं सोलणं घरी वाटतं तेवढं सोपं नाही. आणि पोहे-जिलबी परत आल्यावर, कृपा करून आधी नको.

पाऊस पडून गेल्यावर इंदूरजवळच्या चोरलकडे गेलात तर खिशात आईस्क्रीमची काडी ठेवा. काळी माती चाक आणि ते धरणाऱ्या फोर्कच्या मध्ये अशी बसते की चाकच फिरेना. ती शांतपणे खरवडून काढायची सवयही तयारीतलीच.

शेवटच्या दोन आठवड्यांत सराव निम्म्यावर आणा, आणि नवीन काही लावू नका, ना सॅडल, ना टायर. भाच्याला तेच सांगितलं, ड्रॉपर रेस झाल्यावर घे.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला महू नाक्यावर भेटतोय, तिथून गाडीत सायकली टाकून जानापाव. भाचा केळी आणणार आहे. ज्यांची पहिलीच रेस आहे त्यांनी जरूर या. पहिल्या खेपेला कुणीही माझ्या पुढे जायचं नाही.