उभ्या बेहड्याची किंमत

मे महिन्यात संगमेश्वरकडे गावी गेलो होतो. जेवणं झाल्यावर काकांनी एक कागद पुढे ठेवला. आमच्या सामाईक रानातली झाडं तोडायला देण्याचा सौदा. व्यापारी रान बघून गेला होता. परवानगी तो काढणार, माणसं त्याची, ट्रक त्याचा. हिस्सेदारांनी फक्त सह्या करायच्या. काका म्हणाले, "छप्पर करायचंय, काकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. रान काय दर महिन्याला पैसे देतं का रे?" मला उत्तर देता आलं नाही. ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहितोय.

कोकणातलं बरंचसं जंगल वनखात्याचं नाही, तुमच्या-आमच्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर आहे. एकेका उताऱ्यावर दहा-बारा नावं, त्यातली निम्मी मुंबईत. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा सगळं एकदम उतरतं आणि बहुतेक लाकूड जळण म्हणून कुठल्यातरी बॉयलरमध्ये जातं. वाढायला साठ-सत्तर वर्षं लागलेलं झाड वजनकाट्यावर विकलं जातं. यात काकांना लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आडव्या झाडाला गिऱ्हाईक आहे, उभ्याला नाही, एवढंच आहे ते.

उभ्या झाडाला गिऱ्हाईक मिळू शकतं, याचं उदाहरण मात्र सह्याद्रीतच आहे. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने हिरडा-बेहड्याच्या फळांसाठी फेअरवाइल्ड हे प्रमाणपत्र मिळवलं. फळं किती काढायची, झाडावर किती ठेवायची, कशी सुकवायची, गोळा करणाऱ्याला किती मिळालं, हे सगळं त्यात तपासलं जातं. इंग्लंडची पुक्का हर्ब्स ही चहा आणि औषधी वनस्पतींची कंपनी असा माल जास्त दराने घेते. ज्या बेहड्याच्या लाकडाला फारसा भाव नाही, तो उभा राहिला तर दरवर्षी फळं देतो. आणि त्याच जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. मादी स्वतःला आत लिंपून घेते, नर फटीतून कित्येक आठवडे खाऊ घालतो, आणि जोडी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडाशी येते. अशी ढोली रोप लावून दहा वर्षांत मिळत नाही हो!

म्हणूनच कंपन्यांच्या वृक्षारोपणाचे फोटो बघून मला वाईट वाटतं. 2013च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करायला लावले. पर्यावरण आणि वन्यजीव रक्षण त्या यादीत आहे. पण पैसा खड्डे, रोपं आणि टी-शर्टांवर जातो, कारण रोपं मोजता येतात. न तुटलेलं जंगल फोटोत काल होतं तसंच आजही दिसतं. माझी मागणी सरळ आहे: त्यातला काही पैसा उभ्या रानाचं भाडं म्हणून द्या. दहा वर्षांचा करार, दरवर्षी हिस्सेदारांच्या खात्यात रक्कम, आणि दरवर्षी कुणीतरी त्रयस्थाने येऊन बघायचं की रान आहे की नाही.

कोस्टा रिकाने 1996च्या वनकायद्यात हेच केलं. इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे मिळू लागले, आणि काही जलविद्युत कंपन्यांनीही त्यात स्वतःहून भर घातली, कारण धरणात गाळ येऊ नये असं वाटत असेल तर वरचं रान टिकायला हवं हे त्यांचं सरळ धंद्याचं गणित होतं. आपल्याकडे वाशिष्ठी, शास्त्री, काजळीच्या काठी कारखाने कमी आहेत का? त्यांचं पाणी कुणाच्या डोंगरातून येतं?

दोन गोष्टींची मला खरी भीती वाटते. एक, इकडचं रान उभं ठेवल्याची पावती घेऊन कुणी दुसरीकडचं रान साफ करेल. अशा कंपनीचा पैसा घेऊच नये, मग काकांचं छप्पर थांबलं तरी चालेल, असं मी म्हणतो. काका तसं म्हणतील असं नाही. दुसरी भीती जास्त जवळची आहे. फळं वेचणारी बाई बहुतेक वेळा जमीनमालक नसते. धनगरवाड्यावरची किंवा कातकरी वाडीतली असते. भाडं सातबाऱ्यावरच्या नावांनाच मिळालं आणि तिच्या पाटीचा दर होता तिथेच राहिला, तर रानावर नजर ठेवणारं माणूसच आपण गमावू. करारात तिचा दर आधी लिहिला पाहिजे.

डिसेंबर 2022मध्ये मॉन्ट्रियलला जैवविविधता परिषदेत जगातल्या देशांनी ठरवलं की 2030पर्यंत निसर्गासाठी वर्षाला 200 अब्ज डॉलर उभे करायचे, खासगी पैसा धरून. आमच्या पाच एकरांना त्यातला अगदी कणभर पुरेल.

तुमच्यापैकी कुणी कंपनीत सीएसआरचं काम बघत असेल, कुणाचा आयुर्वेदिक औषधांचा किंवा चहाचा व्यवसाय असेल, तर कृपा करून इनबॉक्समध्ये लिहा. काकांनी अजून सही केलेली नाही. परवा फोनवर म्हणाले, "पाऊस संपला की तो परत येणार आहे. तोवर काय ते सांग."