सुलतानाचा दात

गेल्या रविवारी सकाळी माझ्या हाती पशुवैद्याचे ८५० रुपयांचे बिल पडले. रुग्णाचे नाव सुलतान, जात लॅब्रॅडॉर, वय चार वर्षे, तक्रार 'डाव्या सुळ्याचा टवका उडणे', आणि उपचारांत तपासणी, वेदनाशामक गोळ्या व आठवडाभर मऊ आहार. माझ्याकडे कुत्रा नाही. कुत्रा नाही म्हणूनच हे सारे घडले असे समोरच्या अण्णांचे म्हणणे आहे, आणि ते बिलही त्यांनीच घडी घालून, कोपऱ्यात पेन्सिलीने ४२५ हा आकडा लिहून माझ्याकडे आणून दिले. निम्मा वाटा माझा, असा त्या आकड्याचा अर्थ होता.

आम्ही सांगलीच्या एका टोकाला बैठ्या घरांच्या वसाहतीत राहतो. त्याआधीच्या मंगळवारी पहाटे पावणेसहाला पाणी सुटले तेव्हा पत्नीने मला हलवून "अहो, आपला नळ गेला" असे सांगितले. आमच्याकडे नळ गेला म्हणजे पाणी गेले असाच अर्थ होत असल्यामुळे मी "बरं" म्हणून कूस बदलली. त्या दिवशी मात्र पाणी भरपूर होते आणि नळच गेलेला होता. अंगणातल्या उघड्या पाइपातून कारंजे उडत होते, तुळशीवृंदावन न्हाऊन निघाले होते आणि माझ्या वडिलांनी १९९४ साली घर बांधताना स्वतः निवडून आणलेला, हातात घेतला तर मनगट वाकावे इतका जड पितळी नळ रातोरात कोणीतरी पान्ह्याने उतरवून नेला होता. मोडीत त्याचे चार-पाचशे रुपये आले असतील. मला त्या चार-पाचशे रुपयांचे दुःख नाही. त्या नळाला गळती कशी ती ठाऊक नव्हती, आणि हल्ली मिळणारे पोकळ नळ दुकानातून घरी येईपर्यंतच गळू लागतात, हे दुःख आहे.

अण्णांच्या फाटकावर कॅमेरा आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो बसवला आणि तेव्हापासून गल्लीत काय घडते यापेक्षा ते किती स्वच्छ दिसते याचेच त्यांना अधिक कौतुक वाटत आले आहे. त्यांनी मला आत बोलावले, चहा सांगितला, मोबाइल भिंतीवरच्या टीव्हीला जोडला आणि रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांचे चित्रण लावले.

"क्लॅरिटी बघा सर," ते म्हणाले. "शर्टाच्या चौकटी मोजता येतात."

शर्टाच्या चौकटी खरोखरच मोजता येत होत्या. चेहरा दिसत नव्हता, कारण कॅमेऱ्याचा रोख अण्णांच्या मोटारीवर होता आणि चोराचे डोके चित्राच्या वरच्या कडेबाहेर जात होते. चौकटींचा शर्ट माझ्या कुंपणाच्या भिंतीवर चढला, उतरला, पाच मिनिटे दिसेनासा झाला, आणि परत भिंतीवर चढताना त्याच्या काखेतली पिशवी उसवून नळ खाली पडला. तो आमच्या बाजूला पडला असता तर हा लेख झाला नसता. तो रस्त्यावर पडला. चोर भिंतीवर दोन्ही पाय टाकून बसलेला, नळ खाली, आणि तेवढ्यात चित्राच्या डाव्या कडेने सुलतान आला.

मी खुर्चीत पुढे सरकलो. सुलतानाने नळ हुंगला. त्याने तो अतिशय अदबीने, एखादे अंडे उचलावे तसा तोंडात धरला, मागच्या दोन पायांवर उभा राहून पुढचे दोन पाय माझ्या भिंतीला टेकवले आणि मान उंच करून नळ चोराच्या हातात दिला. चोराने तो घेतला. मग खाली उतरून त्याने सुलतानाच्या कानामागे खाजवले, आणि दोघे, एक नळ घेऊन व दुसरा शेपूट हलवत, पथदिव्याच्या उजेडातून कोपऱ्यापर्यंत सोबत चालत गेले.

"पाहिलंत?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "शिकवलेलं नाही हो. रक्तातच आहे."

"अण्णा, त्याने चोराला मदत केली."

"त्याने पडलेली वस्तू माणसाला परत केली. रिट्रीव्हर आहे तो, सर. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची जाळी आणि मासे पाण्यातून आणून देणारी ही जात. पुढे इंग्रज सरदारांनी शिकारीला लावली. साहेबाने बदक पाडायचं आणि याने आणायचं, तेही पिसाला दात न लागू देता. याला 'सॉफ्ट माउथ' म्हणतात. मऊ तोंड."

"पण बदक साहेबाचे असते. नळ माझा होता."

"ते त्याला कसं कळणार? नळावर तुमचं नाव होतं का?"

नव्हते. माझ्या घरच्या पातेल्यांवर आईने नावे घालून घेतलेली आहेत, पण नळावर नाव घालावे असे तिलाही सुचले नव्हते. मी गप्प बसलो आणि या गप्प बसण्याचा अण्णांनी संमती असा अर्थ लावला. "खरी चूक कुठे झाली सांगू? तुमच्याकडे स्वतःचा कुत्रा नाही. म्हणून माझ्या कुत्र्याला तुमच्या घराकडे पाहावं लागतं." असे म्हणून त्यांनी वही काढली.

शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक बसली. अध्यक्षस्थानी अर्थात अण्णा. घरात सर्वांशी प्रेमाने वागणारा आणि घरावर राखण करणारा, असा दोन्ही कामांचा कुत्रा हवा, एवढाच आमचा ठराव होता. मुलीला तो गळ्यात पडणारा हवा होता. पत्नीला न गळणारा हवा होता, म्हणजे केस न गळणारा. आईला देवघराकडे न फिरकणारा हवा होता, आणि मला चोर पाहून निदान तोंडातले तोंडात ठेवणारा हवा होता.

अण्णांनी जर्मन शेफर्डपासून सुरुवात केली. १८९९ साली फॉन स्टेफानित्झ नावाच्या जर्मन कॅप्टनने ही जात नोंदवली, ती मेंढ्या हाकण्यासाठी. हुशार, इमानी, राखणीला उत्तम, पण रिकामा बसला की बिघडतो. "त्याला काम लागतं, सर. मेंढ्या नसतील तर तो घरातल्या माणसांना वळतो. संध्याकाळी सात वाजता तुम्हा सगळ्यांना एका खोलीत गोळा करील." मला ही कल्पना वाईट वाटली नाही, कारण जेवायला चार हाका मारूनही आमच्या घरात दोन माणसे एका वेळी ताटावर येत नाहीत. परंतु त्याच्या दुहेरी कोटाचे केस वर्षभर गळतात आणि पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे पाहिल्याशिवाय ते घेऊ नये, हे ऐकताच पत्नीने मान हलवली.

मग डोबरमन निघाला. अपोल्डा गावात करवसुली करणाऱ्या डोबरमन नावाच्या गृहस्थाने, वसुलीला जाताना सोबत असावी म्हणून, एकोणिसाव्या शतकात हा कुत्रा घडवला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. ती ऐकून माझे मन भरकटले. आमच्याकडे घरपट्टीची नोटीस यायला कुत्रा लागत नाही. ती दाराच्या फटीतून आपोआप आत येते आणि माणसे तिच्यापुढे आपणहून शेपूट घालतात. रॉटवायलरच्या नावावर अण्णांनी एक कात्रण दाखवले. केंद्राने मार्च २०२४ मध्ये ज्या २३ जातींवर बंदी घालण्यास राज्यांना कळवले होते, त्यांत तो होता. ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयात टिकले नाही, याचे कात्रण मात्र त्यांच्याकडे नव्हते. ते मी सांगितले, तर "कुत्रा कोर्टाची ऑर्डर वाचून चावतो का?" असे त्यांनी विचारले.

चावण्याविषयी अण्णांचे मत ठाम आहे. राखणीच्या कुत्र्याने दिसावे, भुंकावे, पण चावू नये. चावला तर चोर सुटतो आणि मालक अडकतो, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे माझा नळ नेणाऱ्याला काही झाले नाही, पण त्याला माझा कुत्रा चावला असता तर मी आत गेलो असतो. हे मी कोणालाही उद्देशून म्हणत नाही, नुसते लिहून ठेवतो.

मुधोळवर माझे मन बसले होते. मुधोळ आमच्यापासून काही तासांच्या वाटेवर, कुत्रा आपल्या हवेतला, घोरपडे राजांनी जोपासलेला, आणि २००५ साली टपाल तिकिटावर छापला गेलेला. सांगलीचा एप्रिल चाळिशीला टेकतो तेव्हाही तो तग धरील. मुलीच्या मैत्रिणीकडच्या सायबेरियन हस्कीसारखे त्याला एसीत झोपवून आजोबांना गच्चीवर पाठवावे लागणार नाही. अण्णांनीही कौतुक केले, पण हा डोळ्यांनी शिकार करणारा, सशामागे धावणारा कुत्रा असून त्याला पळायला मोकळे रान लागते आणि परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, असे सांगितले. खरी हरकत आईने घेतली. तिने मोबाइलवरचा फोटो डोळ्यांजवळ नेला, दूर धरला आणि म्हणाली, "बरगड्या बघ याच्या. येणारा-जाणारा म्हणेल, हे लोक मुक्या जनावराला उपाशी ठेवतात." त्याची अंगलटच तशी असते हे मी सांगून पाहिले. "तू प्रत्येकाला सांगत बसणार आहेस का?" असे तिने विचारले, आणि मुधोळ संस्थान खालसा झाले.

यावर आईने तिच्या माहेरच्या मोत्याची गोष्ट काढली. वस्तीवर असायचा, कोणी जात विचारली नाही, उरलेली भाकरी आणि ताक एवढ्यावर चौदा वर्षे जगला. "त्याला माणूस बरोबर कळायचा," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांना पहिल्या दिवाळसणाला चावला होता." त्या काळी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. वडिलांनी ती सगळी सासुरवाडीतच घेतली आणि पुढे हयातभर कुत्रा पाळण्याचा विषय काढू दिला नाही. आईच्या मते या प्रसंगात मोत्याची काही चूक नव्हती.

मी एका पिल्लेवाल्याला फोनही केला. त्याने नमस्काराच्या आधी "पेपरवालं की विदाउट पेपर?" असे विचारले. कागदांसह घेतले तर पिल्लाच्या तीन पिढ्या छापील मिळतात. माझ्याकडे माझ्या स्वतःच्या तीन पिढ्या सातबाऱ्यावर आहेत, त्याही चुकीच्या क्रमाने. मी म्हटले, घरच्यांना लळा लावणारा आणि राखण करणारा हवा. तो म्हणाला, "साहेब, आपल्याकडे सगळेच दोन्ही आहेत. लॅब गार्डिंग करतो, रॉट फॅमिलीत राहतो. हेवी बोन देतो, पस्तीस दिवसांचं आहे, आज घेऊन जा." आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही असा २०१७ चा नियम आहे, हे मी म्हणालो. त्यावर त्याने मला, "तुम्ही वकील आहात का?" असे विचारून फोन ठेवला. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, हे त्याला सांगायचे राहून गेले. तसे सांगूनही कोणाला फरक पडत नाही.

बैठक निर्णयाविना उठली. आणि रविवारी ते बिल आले.

"अण्णा," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "माझा नळ गेला. तो तुमच्या कुत्र्याने चोराच्या हाती दिला. आता त्याच्या दाताचे पैसेही मी द्यायचे?"

"निम्मेच. निम्मे माझे. नळ तुमचा, दात माझा."

"पण त्याचे तोंड मऊ आहे ना? पिसालाही दात लागू न देणारे?"

अण्णांनी माझ्याकडे, वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहावे तसे पाहिले. "तोंड मऊच आहे, सर. नळ कठीण होता. पितळेचा कशाला बसवलात? पुढच्या वेळी प्लॅस्टिकचा बसवा, म्हणजे त्यालाही त्रास नाही."

प्लॅस्टिकचा नळ मी आदल्याच दिवशी बसवला होता. १४० रुपये, आणि तो तेव्हाही आमच्या मागे टपटप गळत होता. आतून पत्नी मला खुणेने "देऊन टाका" असे सांगत होती, कारण दिवाळीत आम्ही गावी गेलो की आमची झाडे अण्णाच जगवतात. मी ४२५ रुपये दिले. अण्णांनी ते मोजले आणि पाच रुपयांचे एक नाणे खोटे आहे का म्हणून उजेडात धरून पाहिले.

तोवर सुलतान माझ्या पायरीपाशी आला होता. त्याने माझ्याकडे असे पाहिले की माझा राग अर्धा गेला, आणि हेच मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त खुपते. मग पायरीवर पडलेले, अजून मी न उघडलेले वर्तमानपत्र त्याने एकही पान न दुमडता अलगद उचलले आणि अण्णांच्या हातात दिले. "शाब्बास," अण्णा म्हणाले आणि ते काखेत मारून घरी गेले. अंक दुपारी चारला परत आला. शब्दकोडे सोडवलेले होते.