भविष्य फुकट, पण वेळेवर पाहिजे

भविष्य-अभ्यासाच्या व्यावसायिक मासिकासाठी लिहीत असाल तर ही गोष्ट सोसायटीत शक्यतो कळू देऊ नये. कळलं की लिफ्टमध्येच सुरू होतं: रिडेव्हलपमेंट कधी होणार? जागेचे भाव उतरतील का? 'आम्ही भाकीत करत नाही हो, पर्यायी भविष्यांचा अभ्यास करतो,' हे वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरचे काका चौथ्या मजल्यावर उतरलेले असतात, आणि 'म्हणजे याला काही येत नाही' हे त्यांच्या पाठीवरूनसुद्धा वाचता येतं.

मासिक व्यावसायिक असतं म्हणजे वाचणारे व्यावसायिक असतात. लिहिणारे, तपासणारे, पानं लावणारे आपण सगळे स्वयंसेवक. मानधनाच्या रकान्यात 'कृतज्ञता'.

सुरुवात दीडशे शब्दांच्या प्रस्तावापासून करावी. काय बदलतंय, कुणासाठी, आणि किती वर्षांचा पल्ला. तिसऱ्या प्रश्नावर गाडी अडते. दोन वर्षांचा पल्ला धरला तर ते नियोजन झालं, पन्नास धरला तर काहीही लिहा, जाब विचारायला कोण येतंय! म्हणून दहा ते वीस वर्षं बरी. अर्थात मुंबईत एखादा पूल तेवढ्यात झाला तरी लोक पेढे वाटतात, ते सोडा.

प्रस्ताव मंजूर झाला की पहिला खर्डा येतो आणि त्याचा पहिला परिच्छेद हमखास 'शेल' या तेल कंपनीचा असतो. तिथले नियोजक पिअर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलाचे भाव भडकण्याची शक्यता व्यवस्थापकांपुढे आधीच मांडली होती, मग 1973 चं तेलसंकट आलं, वगैरे. गोष्ट खरी आहे, चांगलीही आहे. पण या धंद्यातल्या वाचकाने ती इतक्यांदा ऐकलेली असते की तो थेट तिसऱ्या परिच्छेदावर उडी मारतो. काढून टाकावी. लेखक रुसतो. रुसू द्यावं.

खरी मेहनत आहे ती परिणामचक्राची. भविष्य-अभ्यासक जेरोम ग्लेन यांनी 1971 मध्ये काढलेली ही पद्धत दिसायला बालवाडीतली वाटते: मधे एक बदल लिहायचा, भोवती त्याचे थेट परिणाम, त्या प्रत्येकाभोवती त्याचे परिणाम. समजा मधे लिहिलं, 'कचेऱ्या आठवड्यातून दोनच दिवस भरतात.' पहिल्या कड्यात गर्दी कमी, पास कमी, डबे कमी. इथपर्यंत कुणीही पोहोचतं. दुसऱ्या कड्यात माणसं दमतात आणि 'सामाजिक बदल', 'आर्थिक परिणाम' असली गोणपाटं टाकून मोकळी होतात. म्हणून नियम करावा: प्रत्येक वर्तुळात एक माणूस आणि एक क्रियापद हवंच. मग 'डबे कमी' याच्या पुढे लिहावं लागतं की डबेवाला गिरगावातली फेरी सोडतो. त्याच कड्यात: डोंबिवलीत घरी बसलेला साहेब दुपारी स्वतःच पोळ्या लाटायला घेतो. त्याच्याही पुढे: पोळीभाजी केंद्रवाल्या ताई दुपारी एकचा घाणा वाढवतात. आता कुठे लेखात जीव आला. तिसऱ्या कड्यानंतर थांबावं. चौथ्यात सगळं सगळ्याला जोडलं जातं आणि कागदावर नुसतं जाळं उरतं. आणखी एक: सगळे परिणाम गोडच निघाले असतील तर चक्र एकट्याने भरलंय असं समजावं. तक्रारखोर माणसं जवळ बसवून पुन्हा भरावं. मुंबईत त्यांचा तुटवडा नाही.

त्यानंतर भविष्य-अभ्यासक जिम डेटर यांची चार भविष्यं: वाढ चालूच राहते, सगळं कोसळतं, शिस्तीने आटोक्यात ठेवलं जातं, किंवा मुळातूनच बदलतं. इथे ठरलेला घोटाळा म्हणजे लेखक कोसळण्यावर आठशे शब्द रंगवून लिहितो आणि उरलेल्या तिघांना चारशेत कोंबतो. मुंबईच्या पावसावर लेख असला की विचारूच नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला, ही आठवण लेखकाच्या मानगुटीवर बसते आणि चारही भविष्यांत छातीभर पाणी शिरतं. उपाय साधा आहे. चौघांना अडीचशे-अडीचशे शब्द मोजून द्यावेत आणि चारही ठिकाणी एकच माणूस ठेवावा. ससून डॉकवर पहाटे माल उचलणारी मावशी घ्या. वाढीत तिच्या पाटीला ॲपवाला गिऱ्हाईक मिळतो. कोसळण्यात धक्काच पाण्याखाली. शिस्तीत मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलैपुरती न राहता आणखी महिने खाते. आणि मुळातल्या बदलात ती नेमकं काय विकते? बहुतेक लेख याच प्रश्नावर अडकतात, आणि अडकलेले बरे. तिथेच लेखकाने पहिल्यांदा खरा विचार केलेला असतो.

संपादक मंडळाची बैठक हे वेगळंच प्रकरण. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे होनोलुलूत सकाळचे सहा, आणि मेलबर्नवाल्याची मध्यरात्र कधीच उलटलेली. त्यात युरोपची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यात निम्मी मंडळी एक तास आधी येऊन रिकाम्या पडद्याकडे बघत बसतात. वीस वर्षांपुढचं बघणाऱ्यांना दरवर्षी येणारा हा आठवडा दरवर्षी नव्याने सापडतो. बैठकीचं निमंत्रण जागतिक प्रमाणवेळेत पाठवावं. त्यात साडेपाच तास मिळवायचं काम आपलं.

शेवटी प्रूफ. शुद्धलेखन कुणीही बघेल, तुम्ही फक्त वर्षं बघा. पीडीएफमध्ये '20' शोधायचं आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून मूळ खर्ड्याशी ताडायचं. 2050 चं 2005 व्हायला दोन आकड्यांची अदलाबदल पुरते. मग अंदाज बातमी होऊन बसतो, आणि पुराच्या लेखात तर ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

अंक निघाला की नातेवाइकांना पाठवावा. 'सवडीने वाचतो,' असं उत्तर येतं. यासाठी पल्ला किती वर्षांचा धरावा, याची पद्धत मात्र अजून कुणी बसवलेली नाही.